अकरा किलोचा निहार

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी, चहा झाल्यावर.

ही डायरी मला मिळाली. सुनयनाच्या पिशवीत दोन होत्या, एक तिची आणि एक जास्तीची. जास्तीची वस्तू घरात पडून राहिली की वाया जाते, म्हणून मी उचलली. सुनयना म्हणजे माझी सून. मंडळाच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. (इकडं तेलंगणात तालुक्याला मंडळ म्हणतात.) हात हलका, जीभ जड. म्हणजे बोलते कमी, पण बोलली की दोन दिवस ऐकू येतं.

तिला नवीन ड्युटी लागली आहे. आपल्या भागातल्या अँब्युलन्स लहान लेकरांसाठी किती तयार आहेत ते पाहायचं. बेचाळीस प्रश्नांचा कागद आहे. लहान मास्क आहे का, लहान सुई आहे का, लेकराच्या वजनाप्रमाणं औषध देता येतं का, असं. मी म्हटलं, काम चांगलं आहे, पण याला माणूस अनुभवाचं पाहिजे. मी पाच लेकरं वाढवली, एकालाही अँब्युलन्समध्ये बसावं लागलं नाही. ती म्हणाली, आई, तेव्हा अँब्युलन्सच नव्हती. मी तेच तर सांगून राह्यली होती.

या कामात तिचा जीव अडकला आहे तो आमच्या निहारमुळं. माझा नातू. चार पूर्ण व्हायला थोडे महिने आहेत. काय सांगू त्याचं! मला ‘बयना’ म्हणून हाक मारतो, आजोबांचं ऐकून. मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला, ताप डोक्यात गेला आणि झटके आले. अँब्युलन्स आली, पण तिच्यात मास्क होता मोठ्या माणसाचा. लेकराच्या तोंडावर ठेवला तर कपाळापासून गळ्यापर्यंत झाकून गेला, जसं वाटीखाली लिंबू. हवा सगळी बाजूनं पळाली. वाचला, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत ताप चढला की पुन्हा येऊ शकतं. तेव्हापासून सायरन ऐकला की सुनयना ओठ चावते.

मी त्या दिवशी अजिबात घाबरली नव्हती. देव्हाऱ्यासमोर डोळे मिटून बसली होती आणि तिथूनच सगळीकडं लक्ष ठेवून होती.

ठरवलं: रोज लिहायचं. अँब्युलन्सचा मुआयना आपण स्वतः करायचा. (माझे सासरे माली पाटील होते, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे. तहसीलदार दौऱ्यावर आला की सगळं तपासायचा, त्याला ते मुआयना म्हणायचे. घरात ते रक्त आहे. मी सून असली म्हणून काय झालं.)

५ नोव्हेंबर, बुधवार.

काल लिहिलं नाही. गुडघा.

सुनयनानं एक कार्ड आणलं. ज्या घरात लहान लेकरू आहे त्या घराच्या दारावर लावायचं. नाव, वय, वजन, कोणतं औषध चालत नाही, फोन नंबर. अँब्युलन्सवाला आला की दारातच वाचतो, विचारण्यात वेळ जात नाही. म्हणाली, आई, तुमी घरी राहता, तुमीच भरा, पण वजन बरोबर लिहा, औषध त्याच्यावर ठरते.

वजन! आणि तेही दारावर!

लेकराचं वजन कोणी दारावर लिहितं का? म्हशीचं दूध, घरात आलेला कापूस आणि लेकराचं वजन, या तीन गोष्टी मोठ्यानं बोलायच्या नसतात. नजर लागते. सुनयना शिकलेली आहे, तिला हे माहीत नाही. शिकल्यावर असं होतं.

आणि दार कोणाच्या दारासमोर आहे? जयवंताबाईच्या. अंगणवाडीत आया आहे ती. तिनं एकदा आमच्या सीताफळाच्या झाडाकडं पाहून म्हटलं, काय लदबदलं वं बयनाबाई! आठ दिवसांत फांदी मोडली. माकडं बसली होती म्हणतात. माकडं काय दरवर्षीच बसतात.

अंगणवाडीत महिन्याला लेकरं तोलतात. तोलते कोण? जयवंताबाई. म्हणून त्या दिवशी निहारच्या पोटात दुखतं. म्हणजे मी तसं कळवते.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

कार्ड अजून रिकामं आहे असं सुनयना दोनदा म्हणाली. मी घाईनं काम करणारी बाई नाही. आधी खरं वजन काढलं. केशवराव व्यापारी कापूस घ्यायला दारात आला होता, त्याचा काटा टांगलेलाच होता. मी निहारला माझ्या जुन्या लुगड्याच्या झोळीत घातलं आणि आकड्याला लटकवलं. इतका हसला, इतका हसला, पाय झाडून राह्यला होता. साडेतेरा. केशवरावला डोळे मिटायला लावले होते.

आमचे हे मध्येच म्हणाले, केशवरावच्या काट्यावर काऊन तोलतं वं, तो काटा क्विंटलमागं किती खाते ते गावाले माहीत आहे. (आमचे हे म्हणजे चंपतराव. लिहिलं, तोंडानं घेतलं नाही.) मी म्हटलं, कापसाला खात असंल. लेकराशी काटा काऊन खोटं बोलंल?

तर खरं वजन साडेतेरा. ते माझ्या डोक्यात राहील, तिथून कोणी वाचू शकत नाही. कार्डावर मी अकरा लिहिलं. अकरा आकडा शुभ. देवाला पण आपण अकराच नारळ बोलतो.

दारावर लावलं. सुनयना गोठ्याकडच्या दारानं येते-जाते, तिला भरून लावलं एवढंच सांगितलं. जयवंताबाईनं वाचलं आणि म्हणाली, अगं माय, अकराच? खात नाही का लेकरू? चेहरा असा पडला तिचा. काम झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. मोठा दिवस.

सुनयनाच्या तपासणीसाठी अँब्युलन्स आज आपल्या चौकात थांबली होती. मला कोणी बोलावलं नाही, पण सही करणारे वेगळे आणि पाहणारे वेगळे असतात. मी नवं लुगडं नेसून गेली. निहारला काखेत. डायरी पण.

ड्रायव्हर गोपाल, तेलुगू बोलतो, मला अम्मा म्हणतो, माणूस चांगला. आत औषध देणारा पोरगा कुलदीप. नाकी डोळी नीटस, लग्नाचं विचारलं, झालं आहे म्हणाला. मी म्हटलं, मुआयना आहे, दाखव. त्यानं सुनयनाकडं पाहिलं. सुनयनानं आकाशाकडं पाहिलं. मग दाखवलं.

लहान मास्क: आहे. तीन आहेत. एक तर इतका चिमणा की भातुकलीचा वाटतो. सुनयनानं तो हातात घेऊन बराच वेळ धरला. कागदावर खूण करताना तिचा पेन दोनदा चालला नाही.

ऑक्सिजन: आहे. फवाऱ्याचं औषध, नाकात मारायचं, झटके थांबतात: आहे. लहान सुया: आहेत, निहारनं पाहून रडायला घेतलं.

सुपरवायझर आले होते. त्यांनी सगळं लांबून पाहिलं. मास्क आहे का, आहे. वापरता येतो का, ते कागदावर विचारलेलं नाही. लहान लेकराचा मास्क त्यांनी स्वतःच्या नाकाला लावून पाहिला आणि लहान आहे म्हणाले.

मग कुलदीपनं एक पट्टी काढली. लांब, प्लॅस्टिकची, रंगीबेरंगी, जशी पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधतात. म्हणाला, आजी, वजन माहीत नसलं तर हीच कामाची. लेकराला आडवं झोपवायचं, पट्टी बाजूला ठेवायची, डोक्यापासून टाचेपर्यंत. टाच ज्या रंगावर आली तेवढं वजन, आणि तिथंच लिहिलेलं असतं कोणतं औषध किती. आणि निहारकडं पाहून म्हणाला, चला, याचीच मोजून दाखवतो.

माझ्या अंगावर काटा आला. आडवं झोपवून, डोक्यापासून टाचेपर्यंत! आडव्या माणसाचं माप आपल्यात एकदाच घेतात, आणि ते कशासाठी घेतात ते मी इथं लिहिणार नाही. मी निहारला घेऊन तीन पावलं मागं सरली. त्याला शी लागली म्हणून सांगितलं.

पुढं घडलं ते असं. गोपाल चहाला गेला. कुलदीप सह्या करत होता. पट्टी गादीवर तशीच पडली होती, कोणाचं लक्ष नाही. उद्या गावातलं कोणतंही लेकरू आडवं पाडून तिनं मोजतील. मी ती घडी करून ओच्यात घेतली.

याला चोरी म्हणत नाहीत. मुआयना करणाऱ्याला वाटलं तर वस्तू जप्त करता येते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

पट्टी देव्हाऱ्यात ठेवली, देवीच्या टाकाच्या मागं. हळदकुंकू वाहिलं म्हणजे तिच्यातलं काही असेल तर शांत होईल. गावातल्या सगळ्या लेकरांवरचं संकट मी एकटीनं घरात आणून बांधून ठेवलं आहे आणि गावाला पत्ता नाही. मोठी कामं अशीच होतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

सुनयना जेवताना म्हणाली, अँब्युलन्समधली वजनाची पट्टी हरवली. दुसऱ्या तपासणीत सापडली नाही. कुलदीपला मेमो मिळाला. नवीन पट्टीसाठी दरख्वास्त गेली आहे, वरून यायला सहा महिने लागतील, आणि आली तर ती गाडीत राहील की सुपरवायझरच्या कपाटात ते सांगता येत नाही, कारण हरवू नये म्हणून हल्ली चांगल्या वस्तू कपाटातच ठेवतात.

मी म्हटलं, पहा! सरकारी वस्तू, कोणाचं लक्ष नाही.

मेमोचं थोडं वाईट वाटलं. पण तरण्या माणसाला एखादा मेमो मिळालेला बरा, सावध राहतो.

मी माझे मार्क आज लिहून काढले. मास्क: दहापैकी आठ. (निळा रंग मला आवडला नाही.) सुया: सहा. गोपाल: नऊ. पट्टी: जागेवर नाही. तिथं शून्य दिलं. मुआयना म्हटला की नातंगोतं पाहायचं नसतं.

४ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

आज शाळेत कवायत झाली. खरं कोणी आजारी नाही, सगळं नाटक. प्लॅस्टिकची बाहुली लेकरू, तिला झटके आले असं धरायचं, आणि घरच्यांनी काय करायचं ते सुनयना दाखवणार. आजी कोण होणार म्हटलं तर मी आधीच उभी होती.

मी सगळं बरोबर केलं. बाहुलीला कुशीवर वळवलं. तोंडात चमचा घातला नाही, कांदा हुंगवला नाही. (कांदा हुंगवला तर चालतो असं माझं अजूनही मत आहे, पण नाटक त्यांचं होतं.) फोन केला, पत्ता सांगितला, मारोतीच्या देवळापासून तिसरं घर. सुनयनानं विचारलं, वजन? मी म्हटलं, दहा किलो! कारण बाहुलीच्या पाठीवर लिहिलंच होतं. गाव टाळ्या वाजवून राह्यलं होतं. जयवंताबाई पण वाजवत होती, पण तिची नजर बाहुलीवर होती. मी जाता जाता बाहुलीच्या गालाला काजळाचा टिक्का लावून आली.

सुनयना म्हणाली, आई, तुमी खरंच चांगलं केलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

खरी वेळ आली तर हे गाव माझ्या भरवशावर निवांत झोपू शकतं.

१५ डिसेंबर, सोमवार.

थंडी. गुडघा. लिहायला विषय नाही. निहारनं आज माझा चष्मा म्हशीला घातला. किती हुशार!

२ जानेवारी, शुक्रवार. बाजारहत्नूर.

भाचीच्या घरी बारशाला आली. निहारला आणलं नाही, गार वाऱ्यात कशाला, सुनयनाला आज सुट्टी आहे. बाळाची आजी प्रत्येकाला सांगून राह्यली होती, साडेतीन किलोचं झालं, साडेतीन किलोचं. मी तिला कोपऱ्यात घेऊन समजावलं. तिला राग आला. चांगलं सांगायची सोय राहिली नाही.

आज अंगणवाडीचा वजनाचा दिवस. निहारच्या पोटात दुखतं असं निघायच्या आधीच कळवून आली. माणूस नसला तरी बंदोबस्त पाहिजे.

९ जानेवारी, शुक्रवार.

निहार.

आज लिहवत नाही.

११ जानेवारी, रविवार. आदिलाबाद, मोठा दवाखाना.

सगळं क्रमानं लिहून ठेवते, कारण लोक उद्या वेगळंच सांगतील.

शुक्रवारी सकाळपासून त्याला ताप होता. सुनयना औषध देऊन ड्युटीवर गेली, वैभव मावला गावाला त्याच्या शाळेवर. (वैभव माझा मुलगा, मास्तर आहे.) दुपारी अडीचला निहार माझ्या मांडीवर होता. बयना, पाणी, म्हणाला. मग त्याचे डोळे वर गेले आणि हातपाय आखडले.

मी शांत होती. मी लगेच उठली आणि कांदा शोधायला लागली. आमचे हे म्हणतात की कांदा माझ्या हातातच होता आणि मी हातात कांदा घेऊन चुलीमागं, पलंगाखाली, पाण्याच्या रांजणात कांदा शोधून राह्यली होती. त्यांचं काय, ते फोन लावत होते, त्यांना काय दिसलं असेल.

जयवंताबाई समोरून आली. चप्पल पण घातली नव्हती. तिनं निहारला कुशीवर वळवलं, मान सरळ केली, कपडे सैल केले. अगदी मी बाहुलीला केलं होतं तसंच. माझ्याकडूनच शिकली असेल. दोन मिनिटांत झटका थांबला. लेकरू ओल्या फडक्यासारखं पडलं.

सतरा मिनिटांत गाडी आली. गोपाल, कुलदीप. निहारला उचलून आत झोपवलं, तो चिमणा मास्क लावला, बरोबर बसला. आणि तेवढ्यात त्याला पुन्हा सुरू झालं. पहिल्यापेक्षा जोरात. गादी हलत होती.

गोपालनं दारावरचं कार्ड काढून आणलं होतं. अकरा, म्हणाला. कुलदीपनं फवाऱ्याचं औषध हातात घेतलं, निहारकडं पाहिलं, आणि थांबला. आजी, हे लेकरू अकरा किलोचं नाही. मी मागं गल्लीकडं पाहिलं. तो म्हणाला, आजी, अकराच्या हिशेबानं दिलं तर कमी पडते, झटका थांबत नाही. जास्त गेलं तर याचा श्वास मंदावते. बरोबर सांगा. पट्टी असती तर तुमाले विचारलंच नसतं.

गाडीच्या दारात सगळी गल्ली उभी. सगळ्यात पुढं जयवंताबाई, माझ्यापासून एका हातावर. तिच्यासमोर बोलायचं! मी कुलदीपच्या कानाजवळ गेली आणि हळूच म्हटलं, साडेतेरा.

कुठं तोललं?

केशवरावच्या काट्यावर.

आमचे हे मागून ओरडले. चाळीस वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. केशवरावचा काटा सांगतं काय वं त्याले! पोराचा जीव चालला आणि तू कापूस विकून राह्यली!

तेव्हा मला पट्टी आठवली. नाही, असं लिहिणार नाही. आठवत तर मला मघापासून होती, गाडी दारात आल्यापासून. मी पळाली. गुडघा वगैरे काही नव्हता. देव्हारा, देवीचा टाक खाली पडला, त्याच्या मागून पट्टी ओढली, आणि परत पळाली. कोणाच्या पायावर पाय दिला माहीत नाही.

मी गेली तेवढ्यात इकडं जयवंताबाई बोलून मोकळी झाली होती. साडेपंधरा, म्हणाली. दोन तारखेला मीच तोलला, अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे. ह्या बाजारहत्नूरले गेल्या होत्या, सुनयना घेऊन आली होती. पहिल्यांदाच, चोरून.

कुलदीपनं साडेपंधराचं औषध दिलं होतं.

मी पोचली तेव्हा निहारची मूठ सुटून राह्यली होती. एक एक बोट. मी हातात पट्टी घेऊन उभी. पट्टीवर हळद, कुंकू, दोन अक्षता चिकटलेल्या. गोपालनं पाहिलं, म्हणाला, अम्मा, इदि मादि कदा. आमचीच आहे ना ही. तेलुगू कळत नाही अशा बायांना पण ते कळलं.

कुलदीपनं पट्टी घेतली, फुंकर मारली आणि निहारच्या बाजूला ठेवली. डोक्यापासून टाचेपर्यंत. मी डोळे मिटले नाहीत. टाच पांढऱ्या रंगावर आली, तिथं माझं कुंकू सांडलं होतं. पंधराच्या घरातलंच वजन आहे, बरोबर दिलं, म्हणाला. आणि सायरन लावून निघाले.

म्हणजे मी नाही आणली असती तरी चाललं असतं. गल्लीसमोर आणली ती फुकट आणली.

मी सगळ्यांना सांगितलं की मी ती सांभाळून ठेवली होती.

११ जानेवारी, त्याच दिवशी, चार वाजता.

निहार उठून बसला. केळं खाल्लं, अर्धं मला दिलं, मग परत मागितलं. बयना, गाडी कुठं गेली, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या.

सुनयनाला सगळं कळलं आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयारीत होती, काय काय बोलायचं ते जमवून ठेवलं होतं. की जुन्या लोकांना कळत नाही, की मी भल्यासाठीच केलं, की वस्तू उघड्यावर ठेवतात काऊन. ती माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, मागच्या वर्षी गाडीत काही नव्हतं. या वर्षी सगळं होतं, आई.

बस. एवढंच. माझी जमवलेली वाक्यं तशीच राहिली.

१३ जानेवारी, मंगळवार. घर.

ज्या गोष्टींत माझी चूक नव्हती त्या: केशवरावचा काटा. सुपरवायझर. थंडी.

यादी आणखी मोठी होईल असं वाटलं होतं.

केशवरावच्या दारात गेली आणि म्हटलं, तुमच्या काट्यानं माझ्या नातवाचे दोन किलो खाल्ले. तो म्हणाला, काकू, कापसाबद्दल कोणी इतकं भांडलं नाही. भांडायला पाहिजे होतं, मी म्हटलं. आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, काटा दोन खाते, तू वरून अडीच खाल्ले. त्यांना हल्ली फार बोलायला येतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

तिळगूळ घेऊन जयवंताबाईकडं गेली. निहार बरोबर. दारात पाय ठेवताच तिनं त्याला उचललं, वर, खाली, वर, जसं पोतं अजमावतात. मी पदराचं टोक चावलं.

ती म्हणाली, काऊन वं बयनाबाई, माझी नजर लागली का त्याले? मी म्हटलं, लागली. म्हणाली, मंग? मी म्हटलं, अशीच लागू दे.

तिनं मला दोन लाडू जास्त दिले. लाडू कडक होते. हे लिहिलंच पाहिजे, खरं ते खरं.

सुनयनासोबत कुलदीपला निरोप दिला की मेमोच्या कागदावर काय लिहायचं ते मी सांगीन, पट्टी माझ्याकडं होती असं. तिनं सांगितलं, ते आधीच लिहून झालं आहे. तिच्या बेचाळीस प्रश्नांच्या कागदावर पट्टीच्या ओळीत तिनं आता ‘आहे’ अशी खूण केली आहे, आणि शेवटच्या रकान्यात, जिथं आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं, तिथं लिहिलं आहे: नोव्हेंबर ते जानेवारी देव्हाऱ्यात. वरच्या ऑफिसातून फोन आला म्हणे, देव्हारा नावाचं गाव कोणत्या मंडळात येतं.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

दारावर नवीन कार्ड लावलं. माझ्या हातानं, मोठ्या अक्षरात. निहार. वजन १५ किलो ८०० ग्रॅम. आज सकाळीच अंगणवाडीत तोलला, मी स्वतः घेऊन गेली. जयवंताबाईनं आकडा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा वाचला. मी घरी येऊन मीठमोहऱ्या ओवाळल्या. कुलदीपला मागं विचारलं होतं, त्याला हरकत नाही.

आज चौकात अँब्युलन्स थांबली होती. म्हटलं जावं, दोन शब्द बोलावे, माणसं आपलीच. दारातून पट्टी दिसत होती. आता तिला एका टोकाला भोक पाडून सुतळीनं खांबाला बांधली आहे, बँकेतल्या पेनासारखी. मी अजून मारोतीच्या देवळापाशीच होती तेवढ्यात गोपाल म्हणाला, अम्मा वच्चिंदी, म्हणजे अम्मा आली, आणि कुलदीपनं उठून आतून दार लावलं.

लेकरांच्या सुरक्षेची तयारी: दहापैकी दहा. मार्क द्यावे लागले.